बासष्ट की त्रेसष्ट?

‘विक्रीतली माणसं’ : वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

नवीन वाचकांसाठी आधी थोडी ओळख. मी ठाण्याचा. एका मोठ्या पुरवठा कंपनीत ३१ वर्षं विक्री केली. बेअरिंग, बेल्ट, नट-बोल्ट, ग्रीस, हातमोजे, हेल्मेट, म्हणजे कारखान्याला रोज लागतं पण कारखाना स्वतः बनवत नाही ते सगळं. सुरुवात वागळे इस्टेटला केली, मग दिघ्यापासून नेरुळपर्यंतचा बेलापूर रोडचा पट्टा गळ्यात पडला, शेवटची सहा वर्षं तळोजा. मार्च जवळ आला की माझ्याकडे पत्रं वाढतात, का ते दुसऱ्या प्रश्नात कळेलच.

प्रश्न : काका, मी बी.कॉम. आहे. आधी क्रेडिट कार्ड विकायचो. चार महिन्यांपूर्वी तुर्भ्याला एका मोठ्या सप्लाय कंपनीत इनसाइड सेल्सला लागलो. दिवसभर हेडफोन लावून ऑर्डर घ्यायच्या. आमच्याकडे हजारो प्रकारचा माल आहे आणि मला त्यातलं काहीच कळत नाही. काल एक मेंटेनन्सवाले म्हणाले, “साहेब, तुमच्याकडे कोणी जाणकार असेल तर त्याला फोन द्या.” फार लागलं. हे शिकता येतं का? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल. (वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : येतं. मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. बेअरिंग म्हणजे सायकलीत असतं ते, एवढ्या ज्ञानावर मला नोकरी मिळाली होती.

१९९८चा डिसेंबर. पावण्याच्या एका केमिकल कारखान्यात रात्री साडेआठला पंपाची मोटर जाम झाली. आमचं गोडाऊन तेव्हा कळव्याला होतं आणि मी स्टॉक जुळवत उशिरापर्यंत बसलो होतो. फोन लँडलाइनवर, पलीकडे प्लांटची घरघर. फिटरनी ओरडून बेअरिंगचा नंबर सांगितला, “बासष्ट पाच, दोन नग, लगेच!” मी ऐकलं, त्रेसष्ट पाच. तूच मोठ्याने म्हणून बघ. त्या आवाजात ‘सष्ट’ तेवढं ऐकू येतं, सुरुवातीचं अक्षर आपण आपल्या मनाने लावतो. मुंबईच्या नागदेवी बाजारातली दुकानं केव्हाच बंद झालेली, म्हणजे त्यांना माझ्याशिवाय दुसरा वालीही नव्हता. दोन डबे पिशवीत टाकले, टेम्पोवाल्याच्या शेजारी बसलो आणि साडेनऊला गेटवर हजर. आत जाताना माझी चाल नवरदेवाच्या मित्रासारखी असणार.

फिटर कोकणातले, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी डबा फोडला, तेलकट कागद सोडवला आणि बेअरिंग शाफ्टवर टेकवून पाहिलं. बरोब्बर. मी हुश्श केलं. मग त्यांनी मोटरचं एंड कव्हर उचललं, बेअरिंग त्याच्या तोंडाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. आत जायचं नावच नाही. चांगलं एक सेंटीमीटर मोठं. मामा एकदा बेअरिंगकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. केमिकलचा प्लांट होता म्हणून, नाहीतर तिथेच विडी पेटवली असती.

“भोक तेच आहे पोरा,” ते म्हणाले, “पण अंगाने दांडगं आणलंस.”

पुन्हा कळवा, पुन्हा पावणे. मोटर फिरली तेव्हा अडीच वाजले होते. मला वाटलं होतं शिव्या पडतील. मामांनी कँटीनमध्ये चहा पाजला आणि बेअरिंगच्या डब्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीने शिकवणी घेतली. ६२०५ आणि ६३०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुण. शून्य पाच पाचा पंचवीस. दोन्हींचं भोक २५ मिलिमीटर, म्हणून शाफ्टवर दोन्ही बसतात. आधीचा दोन आणि तीन हा अंगाचा हिशेब : ६२०५ बाहेरून ५२ आणि जाडीला १५, ६३०५ बाहेरून ६२ आणि जाडीला १७. ही पाचची गंमत शून्य चारपासून वर चालते. त्याखालचे चार पाठच करायचे : ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. बस. चार वर्षांत कंपनीच्या एकाही ट्रेनिंगमध्ये मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये हात कसा मिळवायचा ते शिकवलं होतं.

त्या रात्रीनंतर मी फोनवर कधीच ‘बासष्ट’ म्हटलं नाही. सहा, दोन, शून्य, पाच. एकेक आकडा, आणि पुढची शेपटीसुद्धा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आरएस म्हणजे रबराचं सील, सी-थ्री म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक, गरम चालणाऱ्या मोटरला ती लागते. शेपटी चुकली तरी बेअरिंग बसतं, हाच तर धोका. मग ते दोन महिन्यांनी गातं आणि तोवर तू बिल विसरलेला असतोस.

तुझ्याकडे आज व्हॉट्सॲप आहे, मजा आहे. ऑर्डर घेताना जुन्या पार्टचा फोटो मागव, आकडे दिसतील असा. मोटर असेल तर नेमप्लेटचाही मागव. आणि हजारो वस्तूंचं ओझं घेऊ नकोस. आपल्या सिस्टीममधून सगळ्यात जास्त जाणाऱ्या ३० वस्तूंची यादी काढ. शनिवारी अर्धा दिवस गोडाऊनमध्ये जा आणि त्या ३० हातात घेऊन बघ. बोल्टच्या डोक्यावर ८.८ का लिहिलेलं असतं, बी-५२ बेल्टमधला ५२ म्हणजे काय, हे पॅकिंगवाल्या पोरांना विचार. (५२ इंच, आतल्या बाजूने. पण तू विचारच.)

आणि ज्यांनी जाणकार माणूस मागितला त्यांना उद्या परत फोन लाव. म्हण, “मी नवीन आहे, तुमचा पार्ट मला समजावून सांगाल का?” मेंटेनन्सच्या माणसाला दिवसभरात कुणी काही विचारत नाही, सगळे फक्त कधी चालू होणार एवढंच विचारतात. अर्धा तास बोलतील.

प्रश्न : काका, आमच्याकडे दर ३१ मार्चला हेच. टार्गेटला तीन-चार लाख कमी पडले की मॅनेजर म्हणतात, “ओळखीच्या पार्टीला बिल मारून टाक, एप्रिलात क्रेडिट नोट देऊन बिल उलटवू.” ऑर्डर कुणी दिलेली नसते. गेल्या वर्षी मारलं. इन्सेंटिव्ह मिळाला, जुलैत परत कापून घेतला. यंदा नाही म्हणायचंय, पण अप्रेझल त्यांच्याच हातात. (वाचक, घणसोली)

उत्तर : आम्ही याला माल कोंबणं म्हणायचो. मीही कोंबलाय, खोटं कशाला बोलू. २००३च्या मार्चअखेर रबाळ्याच्या एका कारखान्यात ग्रीसच्या ४० बादल्या उतरवल्या. तिथले स्टोअरकीपर माझे दोस्त. “आठ दिवस ठेवा, मग उचलतो,” एवढ्या शब्दावर त्यांनी पॅसेजमध्ये जागा दिली. पाचव्या दिवशी त्यांचे ऑडिटर आले आणि विचारलं, या बादल्यांचा पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर, कुठे आहे? मित्राला मेमो मिळाला. मला त्या तिमाहीत इन्सेंटिव्ह मिळाला, पुढे तो कापलाही गेला, तुझ्यासारखाच. मेमो मात्र त्यांच्या फाइलला राहिला. वर्षभर ते माझ्याशी मालाच्या चलनावर सही करण्यापुरतंच बोलले.

तेव्हा निदान बिलबुक होतं, बिल फाडता यायचं. आता तुमच्यासारख्या मोठ्या कंपनीचं प्रत्येक बिल ई-इन्व्हॉइस असतं. २४ तासांत रद्द केलं तर केलं, पुढे क्रेडिट नोटच काढावी लागते, आणि बिल व क्रेडिट नोट दोन्ही पार्टीच्या जीएसटीच्या पत्रकात दिसतात. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना उत्तर द्यावं लागतं. माल हललाच नाही आणि नुसतं बिल निघालं, तर मामला आणखी वाईट. मालाशिवाय बिल काढणं हा जीएसटी कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. गेल्या वर्षी तुझा माल गेला होता की फक्त कागद गेला होता, हे तू लिहिलेलं नाहीस. मी विचारतही नाही.

नाही कसं म्हणायचं? नाही म्हणूच नकोस. मॅनेजरला छोटासा मेल कर : “सर, अमुक पार्टीचं बिल करायला सांगितलंत, पीओ नंबर काय टाकू?” तत्त्वाची भाषा नको, आवाज चढवणं नको, फक्त पीओ नंबर माग. माझ्या अनुभवात अशा मेलला उत्तर येत नाही आणि बिलही निघत नाही. ‘मारून टाक’ हे तोंडाने म्हणायला सोपं असतं, लिहायला कुणाचाच हात वळत नाही. शेवटी त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी आहेच, माणूस वाईट असतो असं नाही.

खरा उपाय मार्चच्या ३१ला नसतो, १०ला असतो. ज्या पार्ट्यांशी रेट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठरलेल्या भावाचा करार, आहे त्यांचं एप्रिलचं शेड्युल माग आणि त्यातलं काही मार्चमध्ये घेता का विचार. दहापैकी तीन हो म्हणतात, कारण एप्रिलमध्ये भाव वाढेल ही धास्ती त्यांनाही असते. पण पीओ हातात पडल्याशिवाय गाडी भरायची नाही.

प्रश्न : मी सेफ्टीचं सामान विकते : बूट, हेल्मेट, हार्नेस. रबाळे-महापे भागात रोज पाच-सहा कारखाने. दोन गोष्टी आहेत. एक, टॉयलेट. दुसरी, एका मोठ्या पार्टीचे पर्चेसचे साहेब संध्याकाळी सहानंतरच वेळ देतात, घरचं विचारतात आणि परवा म्हणाले, “ऑर्डरचं जेवतानाच बोलू.” मॅनेजर म्हणतात, मोठं अकाउंट आहे, सांभाळून घे. (वाचक, ऐरोली)

उत्तर : ताई, पहिल्या गोष्टीबद्दल मी आधी माझीच लाज सांगतो. आमच्या टीममध्ये पहिली मुलगी २००६ला आली. ती डायरीत काही कारखान्यांच्या नावापुढे छोटा गोल काढायची. आम्हाला वाटायचं, मोठ्या ऑर्डरची खूण असेल. एकाने तर चोरून त्या गोलवाल्या पार्ट्यांना फोनही लावले! दोन वर्षांनी तिनेच हसत सांगितलं : जिथे बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट आहे तिथे गोल. तिचा अख्खा बीट प्लॅन, म्हणजे कोणत्या दिवशी कुठे फिरायचं ते, त्या गोलांवर चालायचा, आणि गोल नसलेल्या दिवशी ती दुपारपर्यंत पाणी प्यायची नाही. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. तुम्ही अशी यादी करत असालच. ती तुमच्या कंपनीतल्या बाकीच्या मुलींबरोबर वाटून घ्या, आणि बीट प्लॅन बदलून हवा असेल तर कारण स्पष्ट लिहा. ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका, ते वैयक्तिक नाही.

दुसऱ्या गोष्टीत सांभाळून घ्यायचं काही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कामाची जागा म्हणजे फक्त तुमचं ऑफिस नव्हे. कामासाठी तुम्ही जिथे जिथे जाता ती प्रत्येक जागा त्यात येते, कंपनीने दिलेली गाडीसुद्धा. बाहेरच्या माणसांपासून तुम्हाला सुरक्षित ठेवणं ही तुमच्या मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्याकडे लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून तारखा आजच लिहून ठेवा : कोणत्या दिवशी, किती वाजता, काय शब्द. जेवणाचं आमंत्रण मेसेजवर आलं असेल तर तो पुसू नका. मॅनेजरनाही लेखी कळवा, की यापुढे या पार्टीच्या भेटी कामाच्या वेळेत आणि सोबत सहकारी असेल तरच. अकाउंट मोठं असेल तर दोन माणसं पाठवणं कंपनीला परवडतं.

धंद्याचंही एक सांगतो. सेफ्टीचा माल पर्चेसच्या टेबलावर विकायचाच नसतो. पर्चेसला भाव कळतो, सेफ्टी ऑफिसरला आयएस नंबर, म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक, कळतो. बुटांचा १५२९८, हेल्मेटचा २९२५. प्लांटच्या सेफ्टी ऑफिसरला नमुना घालून बघायला द्या, आठवडाभर वापरू द्या, आणि इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, तिथूनच निघू द्या. मग पर्चेसच्या साहेबांकडे राहते ती फक्त सही.

प्रश्न : पार्ट्या ९०-१०० दिवसांनी पैसे देतात आणि वसुलीसाठी झापतात मला. ४५ दिवसांचा नवा कायदा आलाय ना? तो पार्टीला दाखवू का? (वाचक, कळवा)

उत्तर : दाखवू नका, हसं होईल. पार्टीने ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही, ही तरतूद १ एप्रिल २०२४पासून आली खरी, पण ती सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे अडकू नयेत म्हणून. तुमची कंपनी मोठी, तिला त्याचा उपयोग नाही. उलट बाजूने मात्र ती तुम्हाला लागते, कशी ते बघा. तुमची कंपनी हातमोजे, वॉशर, फिटिंग घेते ते बऱ्याचदा छोट्या कारखानदारांकडून. त्यांचे पैसे तिला आता ४५ दिवसांत मोकळे करावे लागतात, लेखी करार नसेल तर १५च दिवसांत. तिकडे पार्टी देणार १०० दिवसांनी. मधल्या दोन महिन्यांचा पैसा कुणाचा? कंपनीचा. २०२४पासून साहेबांचा आवाज का चढला, ते आलं लक्षात?

तुमच्या हातातलं हत्यार वेगळं आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पार्टीला घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. हे पर्चेसला नव्हे, त्यांच्या अकाउंट्सला नम्रपणे आठवण म्हणून सांगायचं, १५०व्या दिवशी. त्याआधीचं काम साधं आहे. माल पोचल्यावर चार दिवसांत जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पार्टीकडची नोंद, झाला का बघा. माझ्या थकलेल्या बिलांपैकी निम्मी बिलं पैशांसाठी अडकलेलीच नव्हती. पीओवर एक भाव, बिलावर दुसरा, किंवा चलनावर शिक्का नाही, अशा क्षुल्लक कारणासाठी ती कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडलेली असायची, आणि मी ९० दिवस फोनवर ‘पेमेंट कधी?’ विचारत बसायचो.

प्रश्न : ४ वर्षं ८ महिने झाले, दुसरीकडून ऑफर आहे. अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलंय की सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही. काय करू? (वाचक, ठाणे पूर्व)

उत्तर : चार महिने थांबता आलं तर थांबा. ग्रॅच्युइटी पाच वर्षांना लागते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३०,००० धरला, तर ३०,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ : साधारण ८६,५०० रुपये. चार वर्षं आणि पाचव्या वर्षाचे २४० दिवस पुरे, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण तो घेऊन कंपनीशी भांडायचं की चार महिने लोकलने जायचं, ते तुम्ही ठरवा. नवीन कंपनीला खरंच तुम्ही हवे असाल तर ती जॉइनिंगची तारीख पुढे ढकलते, किंवा तेवढी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून देते. विचारायला पैसे पडत नाहीत.

दोन वर्षांच्या अटीने घाबरू नका. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ असं बंधन मानत नाही. नोकरी सुटल्यावर पोट कुठे भरायचं हे जुना मालक ठरवू शकत नाही. पण ग्राहकांची यादी, भावपत्रकं पेनड्राइव्हवर घेऊन जाल तर तो मुद्दा वेगळा, आणि तिथे कंपनीचं बरोबर असेल. शेवटच्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह किती आणि कधी, हे राजीनामा देण्याआधी एचआरकडून मेलवर घ्या. राजीनाम्यानंतर एचआरची स्मरणशक्ती कमी होते.

प्रश्न : जूनपासून फील्डवर जायचंय, पहिलाच पावसाळा. बॅगेत काय काय ठेवू? (वाचक, दिघा)

उत्तर : कोरडे मोजे दोन जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत. चलनं चेनच्या फोल्डरमध्ये. भिजलेल्या चलनावर शिक्का उमटत नाही आणि शिक्क्याशिवाय काय होतं ते वर लिहिलंय. ओळखपत्राची झेरॉक्स, सिक्युरिटीवाले मूळ कार्ड ठेवून घेतात आणि ड्युटी बदलली की कुणाला सापडत नाही. एक पेन स्वतःचं, एक गेटवर द्यायला. रेनकोट घे. छत्री न्यायचीच असेल तर गेटवर ठेवू नकोस, आत घेऊन जा. माझ्या चार गेल्या, त्यातल्या दोन महाप्याच्या एकाच गेटवर.